भाराची बाजू

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर झुंबररावांची होडी चाले आणि काठावर त्यांची बायको कौसल्याबाई मासे विकत. थंडीत रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं येत. पक्षी दिसले की सगळी होडीच्या एका अंगाला लोटत. मग झुंबरराव मुकाट्यानं उलट्या अंगाला जाऊन बसत. होडी कलंडली नाही ती त्यामुळेच. नवऱ्याशेजारी निवांत बसून काही बघावं, ही कौसल्याबाईंची इच्छा मात्र संसाराच्या धबडग्यात राहूनच गेली होती.

लेक राजेश्वरीनं दोघांना मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढून दिली, तेव्हा बाईंनी एवढंच बजावलं, "आता तरी माझ्याशेजारी बसा."

दुपारी जहाज बंदराबाहेर पडलं. डावीकडे अलिबागचे डोंगर आणि माडांच्या रांगा दिसू लागल्या, तसे सगळे प्रवासी त्या कठड्याला गोळा झाले. झुंबरराव उठले ते थेट उजवीकडे जाऊन उभे राहिले. तिकडे नुसतं पाणी.

बाई मागोमाग गेल्या. "अवो, हितं काय बघताय?"

"तिकडं भार लई झालाय."

"भिगवणचा आख्खा बाजार मावंल एवढं जहाज हाय. तुमी एकटं सावरणार व्हय?"

"कळतंय गं. पर पाय ऱ्हात न्हाईत तिकडं."

"मग ऱ्हावा हितंच. मी किनारा बघायला आलीया."

त्या परत डावीकडे येऊन खुर्चीत बसल्या. किनारा सुरेखच होता, पण एकटीनं बघण्यात मन लागेना.

संध्याकाळी सूर्य पाण्याकडे उतरला आणि फोटोसाठी गर्दी उजवीकडे पळाली. बाईंनी मागं वळून पाहिलं, तर झुंबरराव गर्दीतून वाट काढत इकडेच येत होते. शेजारची खुर्ची ओढून ते बसले.

"बायकूसाठी आलाव का जहाजासाठी?"

"जहाजासाठीच," ते म्हणाले आणि दोघंही हसले.

उतरत्या उन्हात किनारा उजळला होता. वाळूवर होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. "ह्यांच्या होड्या तोंडाकडं लई उंच," झुंबरराव म्हणाले. "लाटा हायत ना हितं."

सूर्य बुडाला. गावांतले दिवे दिसू लागले, तशी माणसं पुन्हा डावीकडे येऊ लागली. काहीजण अगदी त्यांच्या खुर्च्यांना खेटून उभे राहिले. झुंबररावांनी मोकळ्या झालेल्या बाजूकडे पाहिलं आणि उठण्यासाठी खुर्चीच्या दांडीवर हात टेकवला. कौसल्याबाईंनी किनाऱ्यावरची नजर काढली नाही.

थोड्या वेळानं झुंबररावांचा हात मांडीवर आला.

"ते दिवं कुठल्या गावचं असतील?" त्यांनी विचारलं.

"काय की," बाई म्हणाल्या. "म्होरं अजून हायत. बसा."