विसरणाऱ्यांच्या मॅडम

समोरचं म्हातारं माणूस एखाद्या शब्दासाठी अडलं की मॅडमचा उजवा तळहात माझ्याकडे वळायचा. "थांब. शोधू दे त्यांना." तुम्हीही पाहिलं असेल, अशा वेळी आपण घाईने तो शब्द पुढे करतो. मॅडमना ही मदत चोरीसारखी वाटायची.

स्मृतिभ्रंशावर संशोधन करायला मी सांगलीला त्यांच्या हाताखाली गेले, तेव्हा मला सूक्ष्मदर्शकाखालचा मेंदू तेवढा माहीत होता. पहिले काही महिने त्यांनी मला प्रयोगशाळेत बसूच दिलं नाही. गावोगाव नेलं.

शिराळ्याकडच्या एका आजींना मी प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारला, "आज तारीख कोणती?"

"तारखा कोर्टात असत्यात, बाळ. माझी कुठं केस हाय?"

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग मला म्हणाल्या, "आजी पास. तुझा प्रश्न नापास." नागपंचमी होऊन किती दिवस झाले, ते आजींनी अचूक सांगितलं. त्या संध्याकाळपासून आम्ही प्रश्न नव्याने बांधायला घेतले.

औंधजवळ एक निवृत्त सुभेदार होते. आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात होतो आणि दर खेपेला त्यांचं काहीतरी गेलेलं असायचं. शेवटी शेवटी ते बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, मिलिटरी हॉस्पिटलातली नर्स समजून 'सिस्टर' म्हणायचे. काकी त्या हाकेलाही ओ द्यायच्या.

एका सकाळी ते गेल्याचा फोन आला. मॅडम मला घेऊन निघाल्या. अभ्यासासाठी सुभेदारांचा मेंदू मागायचा होता आणि वेळ थोडा होता. मॅडम काकींजवळ जमिनीवर बसल्या आणि सरळ विचारलं.

"त्यात काय घावंल तुमास्नी?" काकी म्हणाल्या.

"ठाऊक नाही. कदाचित काहीच नाही."

मी चुळबुळले. पुढच्या लोकांना उपयोग होईल, एवढं तरी म्हणायचं!

काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुमी सोताचा देणार का?"

"व्हय." मॅडमचं माहेर ह्याच मातीतलं, पण त्यांच्या तोंडून ही भाषा मी पहिल्यांदा ऐकली.

"तुमी द्या. पर ह्यास्नी आख्खं जाऊ द्या."

"बरं," मॅडम म्हणाल्या, आणि माणसं स्मशानातून परतेपर्यंत काकींचा हात धरून बसल्या.

परतताना गाडीत मी चिडून म्हणाले, "थोडं समजावलं असतं तर दिला असता त्यांनी."

"दिला असता," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच नाही समजावलं."

मागच्या वर्षी मॅडम अचानक गेल्या. हृदय बंद पडलं. त्यांच्या मुलाचा फोन आला, "आईनं बजावून ठेवलंय, तुम्हीच यायचं."

माझ्या हाताखाली आता माझे विद्यार्थी होते. त्यांना बरोबर घेतलं. मी काम केलं, नीट केलं. मग बाहेर पायरीवर येऊन बसले. एक विद्यार्थिनी शेजारी येऊन टेकली.

दहाव्याला काकी एसटीने सांगलीला आल्या. गर्दी ओसरल्यावर मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "दिला त्यांनी?"

"दिला."

"कुणी काढला?"

"मी."

काकींनी पदर तोंडाला लावला. "दुखलं न्हाई न्हवं त्यास्नी?"

गेलेल्या माणसाला दुखत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मीही शहाणपणा केला नाही.

"न्हाई, काकी."

त्यांनी माझे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि थंडीतून आलेल्या लेकराचे चोळावेत तसे कितीतरी वेळ चोळत राहिल्या.