माय जीपमागं पळाली होती का?

मी जर्मनीत राहते आणि सिनेमे करते. सिनेमे म्हटल्यावर गावाकडे लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं, तसलं माझं काही नाही. छोटे, चार माणसांचे सिनेमे. दिवसाचा बराचसा वेळ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिण्यात आणि कुणाच्या तरी उत्तराची वाट बघण्यात जातो. खिडकीखालून ट्राम जाते, शेजारीण जिन्यात भेटली की हवेबद्दल बोलते. लिहिताना अडलं की मी हिंगोलीकडच्या बोलीत स्वतःशीच बडबडते आणि मग तेच जर्मनमध्ये उतरवते. माणसं कुठली आणि बोलतात काय, हे कधी कधी मलाच कळेनासं होतं.

त्याच टेबलाशी मी मायवर एक सिनेमा लिहिला. दहावीनंतर मी शिकायला औरंगाबादला निघाले, त्या एका सकाळचा. मला ती सकाळ लख्ख आठवत होती. आमच्याकडच्या, हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप उभी होती. मी मागच्या फळीवर बसले होते, ट्रंक मांडीवर. जीप सुटली आणि घराच्या बाजूनं माय पळत आली. एका हातात माझा विसरलेला डबा, दुसऱ्या हातात चपला, पदर खांद्यावरून घसरलेला. वळणापर्यंत ती आली. जीपवाल्यानं पाहिलं नाही आणि मलाही ओरडता आलं नाही. एवढंच.

हिंगोलीला जाऊन चित्रीकरण करणं मला परवडणारं नव्हतं. म्हणून शहराबाहेरचा एक शेतरस्ता शोधला, दोन्ही बाजूंनी सूर्यफुलं. एक जुनी गाडी काळी-पिवळी रंगवून घेतली. मायचं काम करायला एक बाई मिळाल्या. मूळच्या सोलापूरच्या, आता जर्मनीतल्याच एका दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या. मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाखेरीज त्यांनी कधी काम केलेलं नव्हतं. पण त्या रस्त्यावर त्या अशा पळाल्या की कॅमेरामागची माणसं कॅमेरा बंद करायचंच विसरली. पुढे सिनेमा बऱ्याच ठिकाणी दाखवला गेला. एका गावात एक म्हातारे गृहस्थ खेळ संपल्यावर माझा हात धरून त्यांच्या आईबद्दल बोलत राहिले. त्यांचं निम्मं जर्मन मला समजलं नाही, तरी मी मान हलवत होते.

मायला तो दाखवायचा राहिला होता. संक्रांतीच्या आधी मी गावी आले, तेव्हा एका दुपारी लॅपटॉप उघडला. घरात माय, माझा मोठा भाऊ, वहिनी असतात. शेजारची चुलतीही आली. आम्ही तिला काकू म्हणतो. माय बाजेवर मांडी घालून बसली, काकू तिच्या शेजारी, आणि भाऊ दाराला टेकून उभा राहिला.

सुरुवातीला माय सूर्यफुलंच बघत होती. आपल्याकडं एवढी कुणी पेरली होती, असं तिनं विचारलं. मग पडद्यावर सोलापूरच्या बाई आल्या.

"ही कोण?" माय म्हणाली.

"ही तू."

मायनं नीट बघितलं. बाई पळाल्या, वळणावर थांबल्या, जीप दिसेनाशी झाली. काकूनं पदर डोळ्यांना लावला. माय मात्र तशीच बसून होती.

"मी कवा पळले?" ती म्हणाली. रागानं नाही, खरोखरच विचारत होती. "आन् जीप कुठली? तुला तं दुधाच्या टेम्पोत बसवून देलं होतं. तुझ्या बापानं सांगून ठेवलं होतं टेम्पोवाल्याला. मी अंगणातूनच हात केला."

मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला की टेम्पोही नव्हता आणि जीपही नव्हती. त्यानं स्वतः मला मोटरसायकलवर हिंगोलीला नेलं होतं आणि एसटीत बसवलं होतं. ट्रंक पेट्रोलच्या टाकीवर आडवी धरली होती आणि त्याचा गुडघा सोलवटला होता, हेसुद्धा त्याला आठवत होतं. त्यानं पँट वर करून दाखवली. गुडघ्यावर खूण होती, पण खुणा त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर आहेत.

काकू डोळे पुसून म्हणाली की या सगळ्या गोष्टी राहू द्या, त्या दिवशी माय गावातच नव्हती. मायच्या वडलांना बरं नव्हतं म्हणून ती जवळा बाजारला माहेरी गेली होती, आणि माझ्या भाकरी काकूनं थापल्या होत्या. "बराबर आठवते मला," ती म्हणाली. "चुलीपुढं बसून तूच रडत होतीस, माय न्हाई म्हून."

मग तिघांचं बराच वेळ चाललं. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाकडे आपापली सकाळ होती आणि ती मोडायला कुणी तयार नव्हतं. वडील असते तर त्यांना विचारलं असतं, पण ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी लॅपटॉप मिटला. देशोदेशीच्या लोकांपुढे उभं राहून मी सांगितलं होतं की हे माझ्या घरात घडलेलं आहे. आता घरातच ते कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढचे काही दिवस मी फिरून पाहिलं. गोरेगावचा रस्ता रुंद झालाय. वळण आहे, पण मला आठवतं त्याच्या उलट्या बाजूला. तिथं उभं राहून मी पाठमोरी होऊन बघितलं, मग वळून बघितलं. हिंगोलीकडे निघालेल्या एका जीपवाल्यानं यायचं का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं, आणि तो गेल्यावर तिथं कशाला आले होते तेच सुचेना. दरवर्षी इथून जाताना मी गाडीत बसते आणि मागं बघते. त्यातलीच कुठली तरी दोन-तीन वर्षं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली असतील का?

एका दुपारी गल्लीतल्या बायका ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी आत कपडे घडी करत होते. बाहेर मायचा आवाज आला. ती सांगत होती, "पार वळणापोतर पळले मी. चपला हातात. पायाला खडे टोचून राहिले, पन डबा द्यायचा होता ना लेकराला."

बायका हळहळल्या. मी दारात जाऊन उभी राहिले. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि शेंगा सोलत राहिली. बायका गेल्यावर मी तिच्यापाशी बसले आणि विचारलं, की तू तर म्हणाली होतीस पळालेच नाही.

"तवा आठवलं न्हवतं. आता आठवून राहिलं."

"सिनेमात पाह्यलं म्हून आठवतंय का, माय?"

"काय म्हाईत," ती म्हणाली. "पाह्यल्यावर आठवलं, हे खरं." मग टरफलं गोळा करत ती म्हणाली, "परत आले तं शेळी घरात शिरली होती. काथवट उलटी करून सगळं पीठ खाल्लं. मी तिथंच बसले. शेळीला मारावं वाटलं न्हाई."

हे सिनेमात नव्हतं. मी लिहिलेलं नव्हतं, कुणी केलेलं नव्हतं. मी रात्री जेवताना भावाला विचारलं तर तो म्हणाला, आपल्याकडं शेळी कधी नव्हतीच. काकू म्हणाली, शेजाऱ्यांच्या होत्या की, रोज शिरायच्या. माय ताटात बघत जेवत होती. तिला पुरावा नको होता. मला हवा होता, आणि मिळाला तर त्याचं काय करायचं हेही ठरत नव्हतं.

जर्मनीत परतल्यावर मी सोलापूरच्या बाईंना कॉफीसाठी घरी बोलावलं. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. त्यांनी दाराशी बूट काढले, टेबलाशी बसल्या आणि पहिला प्रश्न केला तो आईला आवडलं का. मी सगळं सांगितलं. चपलांचं ऐकून त्या थांबल्या.

"अगं, चपला तू कुठं लिहिल्या होत्यास?" त्या म्हणाल्या. "त्या रस्त्यावर पळताना माझीच एक चप्पल सारखी निसटत होती. म्हणून मी दोन्ही काढून हातात घेतल्या. तू म्हणालीस, राहू दे, छान दिसतंय."

मी जुने कागद काढून बघितले नाहीत. त्या म्हणतात ते खरं असावं. म्हणजे चपला त्यांच्या पायांतून माझ्या आठवणीत आल्या, आणि तिथून मायच्या. पण मग पायाला टोचलेले खडे कुणाचे? आमच्या चित्रीकरणाचा रस्ता शेतातला असला तरी डांबरी होता.

आम्ही बोलत असतानाच मायचा व्हिडिओ कॉल आला. भावानं फोन लावून दिला होता आणि त्याचा अंगठा निम्म्या पडद्यावर होता. मी सांगितलं, ज्यांनी तुझं काम केलं त्याच या. माय एकदम सावरून बसली, पदर नीट केला. बाईंनीही केस सारखे केले. मायनं आधी त्यांना जेवण झालं का विचारलं, मग त्यांची लेकरं कुठं असतात ते विचारलं. बाई म्हणाल्या, मुलगा कॅनडात असतो.

"लांबच की," माय म्हणाली. मग म्हणाली, "तुमाला तकलीफ झाली असंल पळायला. ऊन लई होतं."

"ऊन होतं खरं," बाई म्हणाल्या. "आणि तो डबा गरम, धरवत नव्हता हातात."

"गरमच होता. नुकताच भरला होता ना मी."

दोघी हसल्या. वळणाबद्दल बोलल्या, जीपच्या धुराबद्दल बोलल्या. मायनं शेळीचं सांगितलं आणि बाईंनी विचारलं की मग तुम्ही त्या दिवशी जेवलात काय. माय म्हणाली, काही नाही, शेजारणीनं भाकरी दिली. मी दोघींच्या मधे फोन धरून उभी होते. सिनेमातल्या डब्यात काहीच नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. तो रिकामाच होता.

मग मायनं मला हाक मारली. पडद्यावर तिचा चेहरा अगदी जवळ आला, एक डोळा आणि कपाळ.

"काय गं," ती म्हणाली, "तू मागं बसली होतीस ना. मंग तुला काय दिसत होतं?"

बाईही माझ्याकडे बघू लागल्या. कुठली सकाळ सांगावी ते मला समजेना. कॉफी गरम करते असं म्हणून मी फोन बाईंच्या हातात दिला.