तेलाचा काटा वर, पाण्याचा खाली

ताईंशी वाद घालायला जाणारा माणूस एकतर नवखा असायचा नाहीतर बिनडोक. बस डेपोमागच्या गल्लीत त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि एकतीस वर्षं त्या तिथं पितळेचे सांधे जोडत होत्या. एखादा गाडीवाला "बाई, जरा नीट बघा हं" म्हणाला, की त्याचा रेडिएटर त्याच्या हातात परत. "नीट बघणारा शोध जा!" एवढं बोलून त्या पुढच्या कामाला लागत. आपला सांधा गळत नाही, हे त्या कुणी न विचारताच सांगायच्या. खरंच गळत नसे, म्हणून तर तो तोरा लोक खपवून घेत.

त्यांचा धाकटा भाऊ शाळेत विज्ञान शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. निवृत्त होता होता मास्तरांच्या डोक्यात खूळ शिरलं: विमान स्वतःच्या हातानं बांधायचं आणि स्वतःच उडवायचं. एका जुन्या मोटारीतलं रोटरी इंजिन त्यांनी पैदा केलं आणि थेट ताईंच्या दुकानात आणून टेकवलं.

"यात पिस्टनच नाहीत, ताई. तिकोनी रोटर गरगर फिरतो. एवढंसं इंजिन, पण ताकद बघ!"

"आणि तापतं किती, ते सांग की."

मास्तर जरा चाचरले. "तापतं खरं. आणि नुसतं पाणी सांभाळून भागत नाही. बरीचशी उष्णता तेल ओढून नेतं. तेलही थंड ठेवावं लागतं."

"मग एवढा वेळ काय आरती ओवाळत होतास इंजिनाला?" असं म्हणून ताईंनी पत्रा कापायला घेतला.

पाण्याला एक रेडिएटर, तेलाला एक कूलर, दोन्ही ऐसपैस. मास्तरांनी आपल्या वहीत मर्यादा लिहिली: पाणी नव्वदच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, तेल पंचाण्णवच्या पुढे नाही. एकदा फार तापलं की आतल्या रबरी कड्या भाजून निघतात, मग अख्खं इंजिन उघडा. फ्लाइंग क्लबातल्या लोकांना त्या ऐसपैस कूलरचं भारी हसू आलं. "विमान बांधताय की उडता रेडिएटर?"

"हसा, हसा," ताई म्हणाल्या, "तेवढीच दातांना हवा."

बांधता बांधता पाच वर्षं गेली. विमान तयार झालं तेव्हा मास्तरांचं हृदय कुरकुरायला लागलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, महिनाअखेरीला विमान उडवायचा परवाना संपला की पुन्हा सही करणार नाही. आणि क्लबची धावपट्टी त्या महिन्यात एकाच शनिवारी मोकळी मिळत होती. आज उडायचं, नाहीतर कधीच नाही. शनिवारी सकाळी मास्तर नवा शर्ट घालून आले होते. ताईंनी त्या शर्टाची कॉलर तेवढी सरळ केली.

इंजिन सुरू झालं. विमानाचा पंखा मागच्या बाजूला होता, त्यामुळे ताई पुढून येऊन मास्तरांच्या बाजूला उभ्या राहू शकल्या. दुसऱ्या बाजूला क्लबचे कॅप्टन. तिघांचीही नजर दोन काट्यांवर होती. पाणी ऐंशी, पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. तेल नव्वद. आणि मग पाण्याचा काटा हळूहळू खाली यायला लागला. ब्याऐंशी. पंच्याहत्तर.

"वा!" कॅप्टन ओरडले. "थर्मोस्टॅटची झडप उघडली, पाणी खेळायला लागलं! काय झकास रेडिएटर आहे, मानलं ताई!"

मास्तरांचा चेहरा उजळला. ताईंचं लक्ष मात्र तेलाच्या काट्याकडे होतं. चौऱ्याण्णव. शहाण्णव.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"इंजिन बंद कर! पाणी थंड नाही झालेलं, पाणी गेलंय! सेन्सर वर बसवलायस तू. त्याला आता पाणी शिवतच नाहीये, नुसती वाफ लागतेय. म्हणून काटा पडला. पाणी थंड होत असतं तर तेल वर कशाला चढलं असतं?"

"पाणी जाईल कुठून?" कॅप्टन हसले. "रेडिएटर तर तुम्हीच बांधलाय ना? की तुमचाच सांधा गळाला?"

आजूबाजूच्या दोघाचौघांनी माना वळवल्या. ताईंच्या कानशिलांना चटका बसला. एकतीस वर्षं जे तोंड वर करून सांगितलं, ते एका वाक्यात मातीत घालायचं होतं, तेही या माणसासमोर.

"गळाला असेल!" त्या गरजल्या. "माझाच सांधा, मीच जोडलेला! दवंडी पिटा जा गावभर! पण हा वर जाणार नाही."

"ताई, बाजूला हो," मास्तर म्हणाले. "आज नाही तर कधीच नाही. तुला माहितीये."

"माहितीये."

त्यांनी हँगरच्या दारातलं स्टूल उचललं, विमानाच्या नाकासमोर ठेवलं आणि पदर खोचून त्यावर बसल्या. कॅप्टन ओरडले, शिट्टी वाजवली, नियम सांगितले. ताई ढिम्म हलल्या नाहीत. "हे विमान माझ्या अंगावरून न्या, मग आकाशात न्या," एवढंच म्हणाल्या. मास्तर काचेतून त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

थोडं निवल्यावर ताईंनी स्वतः विमानाखाली वाकून पाणी सोडायचा नळ फिरवला. फुस्स करून जराशी वाफ आली. पाण्याचा थेंब नाही. रेडिएटरच्या मागच्या कोपऱ्यात सांधा नखभर उकलला होता आणि पंख्याच्या वाऱ्यानं सगळं पाणी वाफ होऊन मागच्या मागे उडून गेलं होतं. आतल्या कड्या भाजल्या की वाचल्या, ते इंजिन उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणजे तोवर महिनाअखेर उलटून जाणार. कॅप्टन ऑफिसकडे निघून गेले.

मास्तर पंखाखाली जमिनीवर बसले आणि नव्या शर्टाची बाही डोळ्यांना लावून लहान पोरासारखे रडायला लागले. "तुझ्या सांध्यानं घात केला गं, ताई. पाच वर्षं! जन्मभर बोलेन मी तुला."

ताई त्यांच्या शेजारी बसल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, आणि तेव्हाही त्यांनी ती मागितली नाही.

"बोल की," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी येऊन बोल. तू येत राहिलास म्हणजे मिळवली."