धुतलेला मुळा

आमच्या घरी आलेल्या माणसाला मी आधी न्हाणीघर दाखवते. पाय धुतल्याशिवाय सोफ्यावर टेकायचं नाही, मग तो सिलिंडर आणणारा असो की माझा सख्खा भाऊ. गल्लीत यावरून माझ्या माघारी काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बोलू देत. मला घाण सहन होत नाही. शेजारच्या ताटावर कुणी बोटं चाटली तरी मी माझं ताट उचलून दुसरीकडे बसते.

अशा घरात माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी आली आणि तिला डोहाळे लागले मुळ्याचे. सातवा महिना, थंडीचे दिवस, मंडईत मुळ्याचे ढीग. दुपारी ती ओट्यापाशी उभी राहायची, जुडीतला एक मुळा ओढायची आणि मिठात बुडवून कचाकचा खायची. मला कच्च्या मुळ्याने पित्त होतं, तिच्या बाबांना कवळी. त्यामुळे मुळा खाणारी ती एकटीच. तिला असं आवडीनं खाताना बघून मला बरं वाटायचं.

मुळा माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींकडचा. जोतिबाच्या वाटेवरच्या एका गावातून त्या घरची भाजी घेऊन येतात आणि मंडईच्या दारात बसतात. बारा-पंधरा वर्षांची ओळख आहे. बाकीच्यांच्या टोपल्यांत चिखलाने बरबटलेले मुळे असायचे, मावशींचे मात्र पांढरेशुभ्र, पाल्यावरून पाणी ठिबकत असलेले. मी ओळखीपाळखीच्या सगळ्या बायकांना त्यांच्याकडे पाठवलं होतं. लेकीचे डोहाळे कळल्यापासून त्या दर खेपेला एक मुळा जास्तीचा घालायच्या.

मग एका सकाळी लेकीला जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तपासणीत जंतू निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूषित पाण्यातून किंवा कच्च्या खाण्यातून आलेत. ताप आटोक्यात आला नाही तर कळा वेळेआधीच सुरू होतील. दर काही तासांनी नर्स यायची आणि पोटावर यंत्र लावायची. बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत आम्ही खाटेपाशी उभे असायचो.

कच्चं काय काय खाल्लं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मला रागच आला. आमच्याकडे तसलं काही चालत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. आणि लगेच मला आठवली ती मिसळ. आदल्या रविवारी जावई कागलहून आले होते, तिथल्या एमआयडीसीत ते सुपरवायझर आहेत. येताना त्यांनी मिसळीचं पार्सल आणलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी त्यांना नको नको ते बोलले. गाड्यावरचं खाणं, भांडी कसल्या पाण्यात विसळतात, गरोदर बाईला काय द्यावं याची अक्कल. लेक आतून सांगत होती की तिने दोनच घास खाल्ले होते, बाकीची जावयांनीच संपवली आणि ते तर ठणठणीत आहेत. मी तिला गप्प केलं.

जावई मान खाली घालून ऐकत राहिले. सहाव्या दिवशी लेकीला सोडलं तेव्हा त्यांनी गाडी सरळ कागलकडे घेतली. निघताना एवढंच म्हणाले, "आई, थोडे दिवस तिकडंच राहू दे." थोडे दिवस म्हणजे बाळंतपण होईपर्यंत, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. मी शिवून ठेवलेली दुपटी कपाटात तशीच राहिली.

लेक-बाळ सुखरूप राहू देत म्हणून मी दवाखान्यात असताना जोतिबाला नवस बोलले होते. पुढच्या रविवारी आम्ही दोघं नवराबायको डोंगरावर गेलो, गुलाल-खोबरं उधळलं आणि उतरताना मावशींच्या गावापाशी, ओढ्यावर, यांनी गाडी थांबवली. हाताचा गुलाल स्टिअरिंगला लागत होता. हे हात धुवायला खाली गेले, मीही मागोमाग उतरले.

पाणी धड वाहतही नव्हतं. वर हिरव्या शेवाळाची साय आणि तिच्यावर करड्या साबणाचा फेस. वरच्या अंगाला दोन म्हशी बसल्या होत्या. त्यातली एक उठली, शेपूट वर केली आणि तिथेच मोकळी झाली. गावाचं गटार एका फुटक्या पाइपातून ओढ्यात पडत होतं, काळं, दाट. शेणाचा, मुताचा आणि कुजक्या पाल्याचा मिळून जो वास येत होता तो माझ्या घशाला चिकटून बसला. यांनी हात बुडवले आणि गुलाल पाण्यात पसरला. मी साडी वर धरून यांना ओरडणार, तेवढ्यात माझी नजर त्या गुलाबी पाण्याबरोबर खाली गेली.

खाली गुडघाभर पाण्यात मावशी उभ्या होत्या. हातात मुळ्याची जुडी. ती त्या पाण्यात बुडवायच्या, गोणपाटाच्या तुकड्याने घासायच्या, पुन्हा बुडवायच्या आणि दगडावर ठेवायच्या. दगडावर पांढऱ्याशुभ्र मुळ्यांची रास झाली होती.

त्यांनी मला ओळखलं आणि हसून जवळ बोलावलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. पदर नाकाला लावून मी कसंबसं विचारलं, हे असं धुतलेलं तुम्ही घरात खाता?

"आमी कशाला खाऊ? आमी मातीचाच नेतो घरात, नळाखाली घासून घेतो. ह्यो धुतलेला गिऱ्हाइकाचा," त्या म्हणाल्या. "तुमीच न्हाय का जुडी परत टाकलासा, माती नको म्हणून? तवापास्नं धुतोय की. लई गिऱ्हाईक वाढलं बघा तुमच्यामुळं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या मनापासून आभार मानत होत्या. मला ती जुडी आठवली. दोन बोटांत चिमटीत धरून मी ती टोपलीत टाकली होती आणि चार बायकांसमोर विचारलं होतं, माती खायला घालता काय आम्हाला? मातीचा मुळा घरी आला असता तर मी तो नळाखाली तीनदा खसाखसा घासला असता. हा पांढरा होता. पिशवीतून सरळ ओट्यावर गेला आणि ओट्यावरून लेकीच्या तोंडात.

इथून पुढे धुऊ नका, असं मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग घेनार कोन? आणि दगडावरची एक जुडी उचलून, ओली, माझ्यापुढे धरली. लेकीला न्या म्हणाल्या. मी ती न घेताच गाडीपर्यंत पोचले आणि चाकाशी बसून सगळा प्रसाद ओकून टाकला. हे पाठीवरून हात फिरवत होते, तो ओढ्यात बुडवलेलाच हात. मी तो झटकला. मग माझ्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्याच हातांनी मी दुपारी लेकीला ताटलीत मीठ काढून द्यायची. मला त्यांचीही किळस आली.

घरी आल्यावर आंघोळसुद्धा न करता मी कागलला फोन लावला. जावयांनीच उचलला. मिसळीने काही झालं नव्हतं, माझ्या मुळ्याने झालं, असं मी सांगितलं आणि ओढा, म्हशी, गटार, सगळं सांगत सुटले. व्हरांड्यात बोलले त्याबद्दल माफी मागितली. लेकीला परत पाठवा म्हणायचं मी वाटेत ठरवलं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण आई, घरी आणल्यावर तुम्ही तो धुतला असेल ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि पुढचं मला काही मागता आलं नाही.