न तुडवलेली भुई

सामन्याच्या दिवशी सकाळी गणोजी दफेदार वहाणा काढून मैदानाच्या कडेला ठेवत आणि अनवाणी चालू लागत. शेतात नांगर धरावा तसे ओळीने या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि परत येत. ठाण्याचे ते मैदान खाडीच्या बाजूला होते, घुशींनी पोखरलेले. पायाला बीळ लागले की ते वाकत, पाटीतला मुरूम त्यात ठासत आणि टाचेने दाबत.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी थट्टेने विचारले, "दफेदार, काही हरवलं का?"

"हरवू न्हाई म्हणून फिरतोय, मास्तर. भुई आधी आपण तुडवायची, मग जनावराला द्यायची."

मी तेव्हा तिथल्या हायस्कुलात नवा मास्तर होतो. फुटबॉल नावाचा खेळ साहेबांच्या हौसेने नुकताच शाळेत आला होता आणि त्याची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली होती. वर्षातून एकदा मुंबईच्या एका कॉलेजचे विद्यार्थी आमच्याशी खेळायला येत. त्या दिवशी पोलिसांचे चार घोडेस्वार आधी दुडक्या चालीने मैदानाला फेरी घालत. पुढे गणोजी दफेदार आणि त्यांची तांबडी घोडी मैना. फेरी संपली की मैना मध्यभागी येऊन एक गुडघा टेकी, टाळ्या होत, आणि मगच चेंडूला पहिली लाथ बसे. मिठागरातली माणसे काम टाकून येत. एकदा मी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला खेळाचे नियम समजावू लागलो, तर तो म्हणाला, "तुमचा चेंडू ऱ्हाऊ द्या वो मास्तर, आमी त घोरी बघाला आयलूं!"

दफेदार सातारकडचे. उंच, हडकुळे, बोलणे तुटक. मैनेवर ते कधी ओरडले नाहीत. लगाम इतका सैल धरीत की तो हातात आहे की नाही हे कळू नये. मी विचारले तर म्हणाले, "ती माझ्या मांडीनं ऐकती. लगाम लोकांना दाखवायला." तिला गुडघा टेकायला शिकवायला त्यांना दोन पावसाळे लागले होते. "माणूस साहेबापुढं लगेच वाकतं," ते म्हणत. "जनावराला आधी पटावं लागतं." आणि माझ्याकडे बघून मिशीत हसत. हे हसणे मला तेव्हा झोंबे.

ज्या दिवसाबद्दल लिहायचे आहे, त्या दिवशी मुंबईहून पोलिसांचे मोठे साहेब सामना पाहायला आले. त्यांना स्टेशनवरून आणायला दफेदारांना सकाळीच धाडले गेले. साहेबांची गाडी पुढे निघून आली; दफेदार मागून मैदानावर पोचले तेव्हा साहेब खुर्चीवर बसले होते, हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते, आणि नौपाड्याची सारी वकील मंडळी छत्र्या उघडून उभी होती.

दफेदार घोडीवरून उतरले. "मास्तर, थोडा वेळ द्या. भुई बघायची ऱ्हायलीय."

"आता?" मी म्हणालो. "साहेब ताटकळलेत. मी बघितलंय सगळं."

"फिरलात?"

"सकाळीच फिरलो. अनवाणी."

हा शेवटचा शब्द मी का जोडला, ते आजही सांगता येत नाही. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले. भोवतीचे लोक ऐकत होते. मग ते म्हणाले, "बरं. मास्तर म्हणतात तर," आणि मैनेवर चढले.

खाडीकडच्या कोपऱ्यावर वळताना तिचा पुढचा पाय बिळात गेला. वाळके लाकूड मोडावे तसा आवाज झाला. दफेदार फेकले गेले, तसेच गुडघ्यांवर सरकत तिच्यापाशी गेले आणि तिचे डोके मांडीवर घेऊन बसले. मैना उठायचा प्रयत्न करीत राहिली. एका अधिकाऱ्याने पिस्तूल काढले, तेव्हा दफेदारांनी तिचे डोळे आपल्या पागोट्याने झाकले.

सामना वीस मिनिटे थांबला. मग साहेब म्हणाले, पोरांचा विरस नको. आम्ही जिंकलो. त्या सामन्यात मिळालेली ढाल अजून शाळेच्या भिंतीवर आहे.

संध्याकाळी हेडमास्तरांच्या खोलीत साहेबांनी विचारले, "मैदान कोणी पाहिले होते?" दफेदार माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिलो.

"माझं काम होतं, साहेब," दफेदार म्हणाले. "माझ्याच्यानं झालं न्हाई."

त्यांची दफेदारी गेली, घोडा गेला. पायी शिपाई म्हणून त्यांना टिटवाळ्याच्या बाजूला धाडले.

तिकडे जायला मला आठ वर्षे लागली. ते चौकीबाहेर दगडावर बसले होते. केस पांढरे झाले होते. पायांत जाड तळाच्या वहाणा होत्या. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली.

"आता अनवाणी कुणासाठी फिरायचं?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "दफेदार, त्या दिवशी मी खोटं बोललो. मी फिरलोच नव्हतो."

"ठावं हाय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बुटांच्या वर तुमच्या घोट्याला धूळ न्हवती. आन् अनवाणी फिरलेल्याचा घोटा कसा दिसतो, ते मला कळत न्हाई व्हय?"

"मग चढलात कशाला?"

"चार माणसांत मास्तराला खोटं कसं पाडायचं, म्हणून चढलो. तुमची अब्रू राखली आन् तिचा पाय दिला. तेवढी चूक माझी."

मी क्षमा मागितली. हात जोडले.

"माझ्याकडं काय मागता?" ते उठत म्हणाले. "जिच्याकडं मागायची ती खाडीकडं पुरलीय." आणि चौकीत निघून गेले.

यंदा श्रावणात ते वारल्याचे कळले. घोडेस्वारांची फेरी मैना गेली त्या वर्षापासूनच बंद झाली आहे. आताच्या मुलांना ती होती हेही माहीत नाही. बातमी आली त्या रविवारी मी मैदानावर गेलो, बूट काढले, आणि खिशातले घड्याळ हातात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, दफेदार जात तसा ओळीने फिरलो. सगळे मैदान फिरून झाले तेव्हा घड्याळात पाहिले.

वीस मिनिटे लागली होती.