टाकीच्या पोटातले कुंकू

“निर्वात कक्षाची पहिली चाचणी फसली, कारण कारखान्यातील एका भाविक, जुन्या वळणाच्या पर्यवेक्षकाने खंडेनवमीच्या पूजेत कक्षाच्या आत तेलकुंकवाचे स्वस्तिक रेखाटले होते. विज्ञानाने श्रद्धेला हळुवारपणे समजावले आणि पुढे सारे सुरळीत झाले.”

हा मजकूर आमच्या कारखान्याच्या स्मरणिकेत छापून आला आहे. लेखक आमचे त्या वेळचे प्रकल्प व्यवस्थापक. हल्ली जुळे सोलापुरात राहतात आणि सकाळी बागेत फिरायला येतात. माझे नाव न घेण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला आहे. मात्र भाविक, जुना आणि पर्यवेक्षक या तिन्ही पदव्या त्या कारखान्यात माझ्या एकट्याकडेच होत्या. स्मरणिका रद्दीत जाते म्हणून मी गप्प बसलो असतो. परंतु आता हाच मजकूर कक्षाच्या शेडबाहेर फलकावर रंगवला जाणार आहे आणि शाळांच्या सहली तो मोठ्याने वाचणार आहेत. फलक रद्दीत जात नाही.

आमचा कारखाना साखर कारखान्यांसाठी पॅन बनवणारा. पॅन म्हणजे उसाचा रस कमी दाबाखाली उकळण्याचे दुमजली उंचीचे पोलादी भांडे. अवकाश दुर्बिणीचे आरसे तपासण्यासाठी शास्त्रज्ञांना अशी टाकी हवी होती, जिच्यातली हवा जवळजवळ सगळी उपसून घेता येईल. आमच्या मालकांनी ‘कमी दाब’ एवढेच ऐकले आणि “म्हणजे पॅनच की” असे म्हणून काम घेतले. शिवाय जागा मोकळी होती, म्हणून चाचणी केंद्रही आमच्याच आवारात उभारायचे ठरले. शास्त्रज्ञ तिला निर्वात कक्ष म्हणत. आम्ही शेवटपर्यंत टाकी म्हणालो. तिचा प्रत्येक सांधा माझ्या देखरेखीखाली जोडला गेला, हे मात्र स्मरणिकेला छापण्याजोगे वाटले नाही.

कामावर देखरेख करायला त्या शास्त्रज्ञांच्या संस्थेतून एक शास्त्रज्ञ बाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, शिस्तीने माझ्या वडिलांएवढ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सर्वांना टोप्या आणि हातमोजे घालायला लावले आणि मला म्हणाल्या, “काका, आत बोटाचा ठसासुद्धा नको. हवा गेली की ठशातलं तेल उठतं आणि आरशावर जाऊन बसतं. मग दुर्बिणीला तारे दिसत नाहीत, तुमचं बोट दिसतं.” मला हे पटले. इतके पटले, की त्यांच्या गैरहजेरीत टाकीत कोण जाईल आणि कोण नाही, हे ठरवण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. आयुष्यात मला मिळालेल्या मानांपैकी हा सर्वांत मोठा.

आता प्रथेविषयी. आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पॅनला ‘पोटातले कुंकू’ लागत असे. दार बंद होण्यापूर्वी आत शिरायचे आणि वरच्या घुमटाला तेलात कालवलेल्या कुंकवाचे स्वस्तिक काढायचे. भांडे भरलेले राहो, ही त्यामागची भावना. पहिल्या वाफेत ते धुऊन जाई आणि साखरेचे काही बिघडत नसे. हे स्वस्तिक नेहमी मीच काढत असे. मी ते नाकारत नाही. माझ्या विरोधकांचा सगळा पुरावा तेवढाच आहे. परंतु जिच्यातून सर्व काही काढून घ्यायचे, ती टाकी भरलेली राहो अशी प्रार्थना करण्याइतका मी बावळट नव्हतो. या वेळी कुंकू बाहेर, पायाला, असे मी आठवडाभर आधीच बजावले होते. त्या आठवड्याच्या अखेरीस मैंदर्गीहून, आमच्या गावाहून, एसटीने ये-जा करतानाही माझ्या डोक्यात टाकीच होती.

खंडेनवमीला पूजा झाली, दार बसले. पुढे बाईंनी आत एक स्वच्छ काच ठेवून हवा उपसली. दार उघडले तेव्हा काचेवर धुरकट साय होती. बाई विजेरी आणि पांढरे फडके घेऊन आत गेल्या. फडके लाल होऊन बाहेर आले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

“काका, हे तुमचं ना?” बाई म्हणाल्या.

“माझे नाही.”

दुसऱ्या दिवशी माझ्याकडची हातमोज्यांच्या कपाटाची किल्ली व्यवस्थापकांकडे गेली. टाकी धुतली, तापवली, चाचणी यशस्वी झाली, आरसे आले. मी उभ्या केलेल्या त्या टाकीत मला पुन्हा पाऊल टाकता आले नाही.

गेल्या आठवड्यात मी व्यवस्थापकांना बागेत गाठले. ते हास्यमंडळात दोन्ही हात वर करून हसत होते. हसणे संपेपर्यंत मी थांबलो.

“साहेब, पूजेचे ताट कुणाच्या हातात होते?”

“अण्णा, ते तुमच्याच हातात असतं की, दरवर्षी.”

“दरवर्षी. त्या वर्षी?”

“तुम्ही शेडमध्ये होता. मी स्वतः पाहिलंय.”

“होतो. ताट कुणाकडे होते, ते विचारतो आहे.”

“अण्णा, वय झालं की असं होतं.”

“वय माझे व्हावे आणि विसरावे तुम्ही, ही वाटणी बरी आहे.”

हास्यमंडळातील एक निवृत्त प्राध्यापक मध्ये पडले. “जाऊ द्या हो अण्णा. कुंकूच तर होतं, विष नव्हतं.” त्यावर मंडळ पुन्हा हसले, या वेळी व्यायाम म्हणून नव्हे.

घरी येऊन मी खंडन लिहायला घेतले. विजेरीच्या उजेडात दारातून मी पाहिले होते, ते स्वस्तिक एका अंगाला कललेले होते. माझे पट्टीने आखल्यासारखे येते. हा मुद्दा मी पत्नीला वाचून दाखवला.

“अहो, रेघा काय दाखवत बसलाय?” ती म्हणाली. “खरं काय ते लिहा की. एवढी वर्षं का गिळून बसलाय?”

कारण सांगतो. ज्याने मला लहानाचे मोठे केले, त्याच्या मरणाला कुंकवाच्या भांडणात साक्षीला उभे करणे मला हलकटपणाचे वाटत होते. आजही वाटते. पण फलक रंगायला गेला आहे.

माझा थोरला भाऊ मैंदर्गीला वारला, तो त्याच आठवड्यात. दार माझ्याशिवाय बसले नसते, म्हणून मी शेडमध्ये आलो आणि पूजेच्या वेळी लांब, दाराबाहेरच्या कडुनिंबाखाली उभा राहिलो. सवयीने कुणीतरी ताट माझ्यापुढे धरले. मी हात मागे घेतले. “राहू द्या अण्णा, पोटातलं कुंकू मी लावतो,” असे म्हणून साहेबांनी ते उचलले आणि ते पाठमोरे झाले. मी त्यांना हाक मारून थांबवले नाही, कारण त्या दिवशी पूजेत मध्ये बोलण्याचाही मला अधिकार नव्हता. आता फलकावर त्यांना काय लिहायचे ते लिहू द्या. त्या खंडेनवमीला मला सुतक होते.