नानांची दुर्बीण आणि माझी सही

नाना गेल्याचं मला आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सकाळी फोन उघडला तर वर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक, खाली उद्या पाणी सुटणार नसल्याची सूचना, आणि मधे एका ओळीत, ‘रिटायर हवालदार नाना यांचे मिरज येथे पहाटे दुःखद निधन’. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. दुपारपर्यंत कॉलनीच्या कमानीवर फ्लेक्स लागला. नानांचा फोटो कुठल्याशा लग्नातला, कापून काढलेला. मागे निळंशार आकाश आणि ठळक अक्षरांत, ‘आमच्या कॉलनीचा तारा निखळला’. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे. त्यात पहिला, नानांच्या फोटोइतकाच मोठा, बाजीराव शेठचा. हे बेदाण्याचे व्यापारी आणि कॉलनीचे अध्यक्ष. मी सेक्रेटरी, म्हणून चौथा चेहरा माझा. मला कुणी विचारलं नव्हतं. फोटो त्यांच्याकडे होताच. कमानीखाली उभं राहून मी ते सगळं वाचलं आणि पोटातून जे वर आलं ते दुःख नव्हतं, शिसारी होती. पाच आठवडे झाले. ती अजून उतरलेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमची कॉलनी कवठे महांकाळच्या अगदी कडेला. मागच्या भिंतीपलीकडे उघडा माळ, आणि लांब ढालगावकडच्या पवनचक्क्या. नानांचं घर माझ्या शेजारचं. बावीस वर्षं तोफखान्यात काढून ते परतले, मग साखर कारखान्याच्या गेटवर राखण केली. बायको आधीच गेलेली, मुलगी शोभा सांगलीला दिलेली. मी निवृत्त शिक्षक. आमचं बोलणं पाणी, पेन्शन आणि गुडघे यांच्यापलीकडे फारसं जात नसे. नाना मात्र बोलता बोलता वर बघायचे. एकदा म्हणाले, “तिकडं बर्फात ड्युटीला उभं ऱ्हायलं की दोनच गोष्टी दिसायच्या, मास्तर. तोंडातनं निघणारी वाफ आन् वर ही जत्रा. नावं कुणाला ठावं न्हवती, मग आमीच ठेवली.” मृग नक्षत्राला त्यांच्या तुकडीनं ‘चारपाई’ म्हणायचं ठरवलं होतं. शेवटपर्यंत ते चारपाईच म्हणत.

एकोणसत्तराव्या वर्षी या माणसानं पुण्याहून दुर्बीण मागवली. स्टँडवर आलेलं ते लांबडं खोकं त्यांनी स्कूटरवर आडवं बांधून आणलं, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं ‘नाना, गिझर का?’ म्हणून विचारलं. नळी सांडपाण्याच्या पाइपाएवढी जाड, तळाशी पाच इंचांचा आरसा. माहितीपत्रक इंग्रजीत होतं, ते वाचून सांगायला मी. स्क्रू ताटलीत मोजून ठेवत, चुकत, पुन्हा उलगडत आम्ही दोन दिवसांत ती उभी केली. पहिल्या संध्याकाळी गच्चीवर चंद्राची कोर धरली. नाना डोळा न काढताच हळूच म्हणाले, “मास्तर, हितं तर निस्तं खड्डं हायत. आपल्या ढालगाव रोडवानी.” मी बघितलं. खड्ड्यांच्या कडा उन्हानं पांढऱ्याफेक झाल्या होत्या आणि आत काळीकुट्ट सावली पडली होती. चंद्रावर ऊन पडतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ते उन्हासारखं दिसतं, हे ठाऊक नव्हतं.

गुरू सापडायला नऊ संध्याकाळी गेल्या. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. नळी डावीकडे सरकवावी तर ग्रह भलतीकडेच पळे. दहाव्या दिवशी तो सापडला. मोत्याएवढा, पट्टे असलेला, आणि शेजारी एका रेषेत चार बारीक ठिपके. बघता बघता तो कडेला सरकून दिसेनासा झाला. मी म्हणालो, “पळाला की हो.” नाना म्हणाले, “त्यो कशाला पळतोय? आपण फिरतोय.” आणि हे बोलल्यावर ते स्वतःच दचकून गच्चीच्या कठड्याला धरून उभे राहिले. पृथ्वी फिरते हे मी बत्तीस वर्षं शिकवलं, पण पायाखाली ती फिरताना मला त्या गच्चीवर कळली. शनीची कडी दिसली त्या दिवशी तर मी तीनदा डोळा काढला आणि तीनदा लावला. शाळेत त्याचं चित्र मी कितीदा फळ्यावर काढलं होतं, पण ते खरंच तसंच असेल यावर माझा आतून कधी विश्वासच नव्हता, हे मला तेव्हा समजलं.

हळूहळू कॉलनीतली माणसं यायला लागली. जेवणाआधी तासभर, सातच्या सुमाराला. समोरच्या मावशींनी शनीला हात जोडून विचारलं, “आवं नाना, माझ्या पोराची साडेसाती कवा सुटंल, ते दिसतं का ह्यातनं?” नाना म्हणाले, “मावशी, त्येला तुमचं पोरगं दिसत बी न्हाई. लय लांब हाय त्यो. त्येला त्येचं काम हाय.” मावशी हसल्या, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आल्या. त्या हिवाळ्याइतका सुखाचा काळ माझ्या निवृत्तीत दुसरा आला नाही.

मग बाजीराव शेठनी त्यांच्या बेदाण्याच्या गोदामावर नवे फोकस बसवले. चार, आणि चारही नानांच्या गच्चीवर तोंड करून. आभाळ दुधात पाणी घातल्यासारखं झालं. नाना त्यांच्याकडे गेले, मी सोबत होतो. त्यांनी फक्त सात ते आठ एवढा वेळ दोन दिवे बंद ठेवायची विनंती केली. बाजीराव शेठ म्हणाले, “आन् चोरी झाली तर तुमचं तारं येणार हायत का राखणीला?” नाना साधेपणानं म्हणाले, “मी बसतो की. जल्मभर त्येच केलंय.” बेदाणा निवडणाऱ्या बाया तोंडावर पदर घेऊन हसल्या. हसू नानांच्या बोलण्याला होतं, शेठना नव्हतं. पण शेठचा चेहरा उतरलेला मी बघितला.

चौथ्या दिवशी कॉलनीत कुजबुज सुरू झाली. म्हातारा दुर्बीण आभाळाला लावत नाही, बाजीराव शेठच्या माडीला लावतो. घरात तरणी सून आहे. मी रोज संध्याकाळी त्या दुर्बिणीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत होतो. तिचं तोंड कुठे असतं, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी दुकानात मला कुणी डोळा बारीक करून विचारलं, ‘काय गुरुजी, तुमी बी बघता का?’ तेव्हा मी हसलो. ओशाळून का होईना, हसलो. ते हसू आठवलं की आजही तोंड कडू होतं.

रविवारी टाकीशेजारच्या हॉलमध्ये बैठक झाली. सगळे पुरुष. बाजीराव शेठ बोलले, ‘आयाबहिणींच्या अब्रूचा प्रश्न’ म्हणाले. माना हलल्या. याच मानांमधल्या कितीतरी माना महिन्यापूर्वी नानांच्या गच्चीवर वाकल्या होत्या. नाना ताठ उभे होते, टाचा जुळवून, हात पँटच्या शिवणीला. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, “मास्तर रोज संगट असत्यात. मास्तर, तुमी सांगा.”

सगळे माझ्याकडे वळले. पुढच्या महिन्यात माझ्या धाकटीचं लग्न होतं आणि ठरवलेलं मंगल कार्यालय बाजीराव शेठच्या मेहुण्याचं होतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, “नाना, लोकांच्या भावना आहेत… थोडे दिवस बंद ठेवलेलं बरं.” आणि मग दुर्बीण कॉलनीच्या ताब्यात ठेवायचा ठराव मी माझ्या अक्षरात लिहिला. ‘स्त्रीवर्गाच्या खाजगी जीवनास बाधा’ हे शब्द माझे. शुद्धलेखन अचूक होतं. खाली माझी सही आहे. नानांनी कुणाला घरी येऊ दिलं नाही. स्वतः जाऊन दुर्बीण खांद्यावर घेऊन आले आणि हॉलच्या कोपऱ्यात ठेवून गेले.

अकरा दिवस ती तिथे, रचलेल्या खुर्च्यांच्या मागे होती. सांगलीहून शोभा आली आणि सगळ्यांसमोर तिनं मला विचारलं, “गुरुजी, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?” तेव्हा दुर्बीण परत द्यायचं ठरलं. पोचवायला मीच गेलो. नानांनी झाकण काढून आत बघितलं. हॉल झाडणाऱ्यानं धूळ दिसली म्हणून फरशीचं फडकं काठीला गुंडाळून आरसा पुसला होता. गोल गोल ओरखडे. नानांनी वाकून वास घेतला. “फिनेल,” ते म्हणाले, आणि झाकण लावलं. मला बसा म्हणाले नाहीत. जा असंही म्हणाले नाहीत.

त्यानंतर ते संध्याकाळी दुर्बीण स्कूटरवर बांधून माळावर जायला लागले. तिथं मेंढरांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, बसायचा, ती माणसं बघायची म्हणे. माझ्या खिडकीतून स्कूटर जाताना ऐकू यायची. भेटले तर मान हलवायचे. मुलीचं लग्न छान झालं. नाना आहेर देऊन, न जेवता गेले. जायचं माळावर, माफी मागायची, असं मी ठरवत राहिलो आणि पावसाळा आला. श्रावणात त्यांना धाप लागायला लागली, शोभा त्यांना घेऊन गेली आणि मग ग्रुपवर तो निरोप.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. बाजीराव शेठ म्हणाले, “नाना मला कायम म्हणायचे, शेठ, आभाळाएवढं मोठं व्हा.” नाना त्यांना असलं काहीही म्हणाले नव्हते. मग नानांच्या स्मरणार्थ कॉलनीच्या मागच्या बाजूला, माळाकडे तोंड करून, एक उंच खांबाचा मोठा दिवा बसवायचं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या. इतिवृत्त लिहायला मीच होतो. मी टोपण लावलं आणि वही शेठच्या पुढ्यात ठेवून बाहेर आलो. यात काही शौर्य नव्हतं. आणखी एक ओळ लिहिली असती तर मला तिथेच उलटी झाली असती.

दाराशी बाजीराव शेठची सून, सुप्रिया, चहाचे कप गोळा करत होती. तिच्याशी मी कधी बोललो नव्हतो. तिनं मला थांबवलं.

“गुर्जी, नानांचा त्यो ठराव तुमीच लिवलाता न्हवं?”

मी हो म्हणालो.

“त्यात माझं नाव हुतं?”

“नाव नव्हतं. ‘स्त्रीवर्ग’ असं…”

“त्या दिवशी बी मी हितंच हुती. चहा करत. मला कुणी इचारलंच न्हाई.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी चंद्र बघायला गेलती नानांच्याकडं. मावशींच्या संगट, दोनदा, तुमी यायच्या आदी. घरात ठावं न्हाई. दुसऱ्यांदा नाना म्हणालं, पोरी, सासूला बी घिऊन ये, तिला बी बघू दे. मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं, गुर्जी. सगळ्यांच्या म्होरं सांगितलं असतं.”

ताटात केस निघाल्यावर माणूस जसं बघतो, तसं तिनं माझ्याकडे बघितलं आणि कप घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीपदाचा राजीनामा देऊन मी सांगलीला गेलो आणि शोभाला बैठकीपासून सगळं सांगितलं. लग्नाच्या कार्यालयाचंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि तिनं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. “नानांनी पुढं तुमचं नाव कधी काढलं नाही,” ती म्हणाली. “चांगल्यालाही नाही, वाईटालाही नाही.” मग आतून एक शाळकरी वही आणून तिनं माझ्या हातात दिली. ते रोज काय बघितलं ते लिहून ठेवत, हे मला माहीत नव्हतं. “यात तुम्ही आहात. माझ्याच्यानं वाचवत नाही. घेऊन जा.”

कवठ्याच्या एसटीत बसून मी ती उघडली. फौजेतल्यासारख्या तुटक ओळी. तारीख, आभाळ कसं, काय दिसलं, आणि शेवटी हजेरी. ‘आभाळ साफ. गुरू, चार ठिपके. मास्तर हजर.’ ‘ढग. काही नाही. मास्तर हजर.’ पानामागून पान तसंच. बैठकीच्या दिवशी, ‘आभाळ साफ. दुर्बीण जमा.’ मग अकरा दिवस कोरे. त्यानंतर माळ सुरू होतो. ‘चारपाई दिसली. आरशामुळे पुसट. मास्तर गैरहजर.’ ‘चंद्र. मेंढक्याच्या आईनं बघितला. मास्तर गैरहजर.’ शेवटची नोंद दवाखान्यातली, थरथरत्या अक्षरांत. ‘खिडकीला जाळी. आभाळ दिसत नाही. मास्तर गैरहजर.’

मी बत्तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली आहे. पटावरून ज्याचं नाव कमी केलं, त्याची गैरहजेरी पुढं कुणी मांडत नाही.